सहा नंबरचा हिरवा

निंबाळवाडीत माणसाची पत त्याच्या उसाच्या रंगावरून ठरते. हा नियम कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही, म्हणून तो काटेकोरपणे पाळला जातो. ढोकीच्या कारखान्याकडं जाणारा डांबरी रस्ता गावाच्या शिवारातून जातो, आणि ज्याचं रान रस्त्याला लागून आहे त्याची अब्रू रात्रंदिवस उघड्यावर असते. त्यामुळं गावातला शहाणा शेतकरी युरिया टाकताना रानाचे दोन भाग पाडतो. आतल्या सऱ्यांना पिकाला लागेल तेवढा टाकतो आणि रस्त्याकडच्या सऱ्यांना बघणाऱ्यांना लागेल तेवढा. इथं चांगल्या पिकाला हिरवं कुणी म्हणत नाही, काळं म्हणतात. 'काय काळाभोर ऊस हाय वो तुमचा!' ही गावातली सर्वांत मोठी पदवी. ती मिळवायला कॉलेजात जावं लागत नाही, युरियाचं पोतं पुरतं.

ही पदवी शंभुलिंग अण्णांकडं वर्षानुवर्षं होती. त्यांचं रान नेमकं वळणावर. वळणावर एसटी हळू होते, आणि हळू झालेल्या एसटीतला माणूस बाहेर बघितल्याशिवाय राहत नाही. तो बघतो म्हणून अण्णा खत टाकायचे, आणि अण्णा खत टाकायचे म्हणून तो बघायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

अण्णांच्या अभिमानाची दुसरी जागा म्हणजे रानातली विहीर. त्यांच्या वडिलांनी पहारीनं खडक फोडून काढलेली. पाणी असं गोड की तुरीची डाळ एका उकळीत शिजायची. गावात लग्न निघालं की स्वयंपाकाला पाणी शंभुअण्णांच्या विहिरीचं, महादेवाच्या अभिषेकाला तेच, आणि रोज प्यायलाही अर्धं गाव तेच न्यायचं. विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर, गफारचं भाजीपाल्याचं रान होतं. पालक, मेथी, कोथिंबीर. गफार आणि अण्णा लहानपणापासूनचे दोस्त. पाणी चढावरून उताराला येतं हे दोघांनाही ठाऊक होतं, पण त्या पाण्याबरोबर आणखी काय उताराला येतं याचा विचार करायची वेळ कुणावर आली नव्हती.

तर अशा या सुखी गावात 'नत्रमुक्ती व पर्णसमृद्धी अभियान' आलं.

अभियान घेऊन आले ते कृषी खात्याचे गौरीशंकर साहेब. माणूस वाईट नव्हता. शिकलेला होता, घामाघूम होऊन मोटारसायकलवर फिरायचा, आणि त्याला जे सांगायचं होतं तेही खरं होतं. पण सांगण्याआधी कार्यक्रम झाला पाहिजे, हा आपला जुना रिवाज. देवळासमोर मांडव पडला. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, सत्काराला उत्तरं झाली, सत्कार करणाऱ्यांचा राहून गेलेला सत्कार झाला. मग साहेबांनी खिशातून एक रंगीत पट्टी काढली. पट्टीवर हिरव्या रंगाचे सहा चौकोन होते. पहिला पिवळट, दुसरा जरा बरा, असं करत करत सहावा काळपट हिरवा.

"शेतकरी बंधूंनो," साहेब म्हणाले, "आपण टाकतो त्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडून जातं, काही झिरपून विहिरीत उतरतं. म्हणून ही पट्टी पानाला लावून बघायची. पान चौथ्या रंगाच्या पुढं गेलं असेल, तर युरिया बंद!"

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं होतं, आणि नेमकं त्याच वेळी चहा आला. मांडवात पेले वाजले, मागं बसलेल्यांनी चिवड्याच्या पुड्यांसाठी हात लांब केले, आणि चहा पिऊन गाव पुन्हा सावध झालं तेव्हा त्याच्या डोक्यात एवढंच उरलं होतं की सरकारनं हिरव्या रंगाला नंबर दिलेत आणि सगळ्यांत वरचा नंबर सहावा आहे.

"आमचा कितवा?" शंभुअण्णांनी विचारलं. साहेबांनी सगळ्यांना घेऊन अण्णांच्या रानात जाऊन पट्टी लावली.

"साडेपाच आहे हो अण्णा. हे फार—"

फारच्या पुढचं टाळ्यांत बुडालं. साहेबांनी हात वर करून टाळ्या थांबवायचा प्रयत्न केला, तर लोकांना वाटलं साहेबही हात वर करून जयजयकार करतायत. टाळ्या दुप्पट झाल्या.

मग गफारच्या पालकाला पट्टी लावली. तो साडेतीन भरला, म्हणजे जसा पाहिजे तसा. साहेब आनंदानं म्हणाले, "शाबास गफारभाई!" पण गावाला हे शाबास समजूत घालण्यापुरतं वाटलं, परीक्षेत गचकलेल्या पोराला म्हणतात तसं. गफारची मान खाली गेली. घरी जाताना त्यानं अण्णांना विचारलं, "अण्णा, साडेतीन म्हंजे चौथी बी न्हाय व्हय?"

"आसू दे की. पुढच्या खेपेला काढशील सहा."

इथंच कुणी तरी गावाला पुन्हा एकदा बसवून समजावून सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. गौरीशंकर साहेब तसं करणारही होते. पण त्यांनी माहिती भरायला मोबाईलवरचं ॲप उघडलं आणि त्यांचेही हात बांधले गेले. ॲपमध्ये दोन रकाने होते: 'आधीचा पर्णरंग' आणि 'आताचा पर्णरंग'. आताचा आकडा आधीपेक्षा कमी टाकला की लाल अक्षरं उमटायची: 'प्रगती उणे असू शकत नाही.' साहेबांनी वर फोन केला. वरचे साहेब म्हणाले, ॲप हैदराबादच्या कंपनीनं केलंय, त्यात बदल होणार नाही, शेतात करा.

साहेबांनी शेतात बदल केला. दुसऱ्या खेपेला ते आले तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता. "मंडळी, प्रत्येकानं किमान अर्धा नंबर वर न्या. अभियानाचं यश तुमच्या हातात आहे." गावानं आश्वासन दिलं. गावाला हेच तर करायचं होतं. जे शेतकरी मागं पडलेत, त्यांना प्रोत्साहन म्हणून युरिया देण्याचंही ठरलं. अशा रीतीनं नत्र कमी करण्याच्या अभियानातून गफारच्या दारात युरियाची दोन पोती येऊन पडली. गफारनं ती आठवडाभरात पालकावर टाकली आणि पहिल्यांदाच पाचावर गेला. गावानं त्याला पेढे मागितले.

बाकी गावात तर चढाओढच लागली. स्थळं बघायला आलेले पाहुणे आधी रानात जाऊन पट्टी लावू लागले. जमीन किती, पाणी किती, हे प्रश्न मागं पडले. रणधीर नावाच्या पोराचं लग्न 'साडेचारचा ऊस हाय, पोरगी उपाशी मरंल' एवढ्या कारणावरून मोडलं. शंभुअण्णांनी तर सहाचा चौकोन कधीच ओलांडला होता. त्यांचा ऊस माजला, मऊ पडला, पावसाच्या एका सपाट्यात आडवा लोळला. पण लोळलेला ऊससुद्धा काळाभोर होता, आणि एसटी अजून वळणावर हळू होत होती. पट्टी अपुरी पडते अशी तक्रार वर गेली. वरून तातडीनं नवीन पट्टी आली, तिच्यात सातवा चौकोन होता. तो हिरवा होता असं शासनाचं म्हणणं होतं.

याच दिवसांत अण्णांची लेक शिवांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली. अण्णांनी गावभर पेढे वाटले. लेकीचं दूध बाळाला पुरेना म्हणून डॉक्टरांनी पावडरीचं दूध लिहून दिलं. अण्णांच्या बायकोनं, गंगम्मानं, ते विहिरीच्या पाण्यात कालवायचं काम स्वतःकडं घेतलं. पाणी ती एकदा उकळायची, पुन्हा उकळायची, निम्मं आटेपर्यंत उकळायची. नातीच्या बाबतीत हयगय तिला खपत नव्हती.

एका सकाळी शिवांजली ओरडत बाहेर आली. "अण्णा, बाळाचे ओठ बगा! निळं पडल्यात!"

गफारनं भाजीचा टेंपो तसाच रिकामा केला. मेथीच्या जुड्या बांधावर पडल्या, आणि बाळाला घेऊन सगळे धाराशिवला पळाले. डॉक्टरांनी बाळाला ठेवून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ओठांवर रंग आला. मग डॉक्टरांनी विचारलं, "दूध कुठल्या पाण्यात कालवता?"

"घरच्या विहिरीच्या," गंगम्मा म्हणाली. "आन् उकळून उकळून, डॉक्टर. आटवून."

डॉक्टरांनी पाणी तपासून घ्यायला सांगितलं.

पाणी तपासायला प्रयोगशाळेतल्या वर्षाराणी मॅडम आल्या. त्यांनी काचेच्या छोट्या बाटलीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात पूड टाकली, आणि थांबल्या. पाणी हळूहळू गुलाबी झालं, मग जांभळट गुलाबी. विहिरीभोवती जमलेल्या बायांना ते फार देखणं वाटलं. मॅडमनी पिशवीतून एक पट्टी काढली. याही पट्टीवर चौकोन होते, फक्त गुलाबी.

"कितवा नंबर, बाई?" अण्णांनी विचारलं.

"सगळ्यांत वरचा."

सवयीनं अण्णांची मान ताठ झाली. ओठांवर हसूही आलं. मग त्यांनी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना आपल्या हसण्याची अशी लाज वाटली की आयुष्यात कशाची वाटली नसेल.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. तुम्ही टाकलेल्या युरियातलं नत्र पाण्यात उतरून त्याचं नायट्रेट होतं. मोठ्या माणसाला एकदम काही जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला त्यानं प्राणवायू पुरत नाही. आणि उकळल्यानं पाणी आटतं, नायट्रेट आटत नाही. ते उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. आपण रोज सकाळी चुलीपुढं बसून काय करत होतो ते गंगम्माला आत्ता कळत होतं. तिला कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून ती विहिरीचं पाणी घेऊन चुलीपुढं बसली नाही.

अण्णा गौरीशंकर साहेबांकडं गेले. "साहेब, विहिरीचा नंबर खाली आना. कायबी करा."

साहेब घाबरले. बाळासाठी घाबरले हे खरं, पण जिल्ह्याच्या बक्षिसासाठी निंबाळवाडीचं नाव गेलेलं होतं म्हणूनही घाबरले. नत्रमुक्तीच्या गावात नत्राची विहीर! ते धाराशिवला जाऊन दोन दिवसांनी परत आले ते हसत. सोबत एक पेंटर होता. त्यानं विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं लिहिलं: 'हे पाणी पिण्यासाठी नाही.' मग गावातल्या बाकीच्या विहिरींवरही लिहिलं. संध्याकाळी साहेबांनी ॲपमध्ये आकडा टाकला. नायट्रेट असलेल्या पिण्याच्या विहिरी: शून्य.

"अण्णा, झालं काम. तुमची विहीर आता प्रदूषित नाही."

"मंग नातीला पाजू पानी?"

"अहो, छे! भलतंच काय? ते पिण्याचं पाणीच नाही. पिण्याचं असतं तर प्रदूषित असतं."

अण्णांनी यावर बराच विचार केला. त्यांना त्यात चूक सापडेना, आणि तेच त्यांना भयंकर वाटलं.

निंबाळवाडीला पहिलं बक्षीस मिळालं. नायट्रेटमुक्त गाव आणि जिल्ह्यातला सर्वाधिक पर्णरंग, असे दोन्ही मान एकाच गावानं मिळवल्याचं अभियानाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. (अभियानाचा इतिहास नऊ महिन्यांचा होता.) शंभुअण्णांना 'हरितरत्न' म्हणून फेटा बांधला. व्यासपीठावर सगळ्या पाहुण्यांपुढं बाटलीबंद पाणी होतं. प्रमुख पाहुण्यांनी बाटलीचं बूच फिरवत सांगितलं की निंबाळवाडीच्या पाण्याचा आदर्श साऱ्या महाराष्ट्रानं घ्यावा, आणि एक घोट घेतला. अण्णांच्या घरी त्या वेळी ढोकीहून आणलेल्या जारच्या पाण्यात नातीचं दूध कालवलं जात होतं. ज्या विहिरीचं पाणी लोक लग्नाला मागून न्यायचे, तिच्यावर आता जनावरंसुद्धा नेऊ का नको असा गावाला प्रश्न पडला होता.

फेटा बांधूनच अण्णा घरी आले. गंगम्मा ओट्यावर बसली होती. तिनं फेट्याकडं बघितलं.

"अवो, त्या एसटीतल्या लोकांनी नात सांबाळायची हाय का तुमची?"

"न्हाय."

"मंग त्येंच्यापायी का मरता?"

ऊस कारखान्याला गेला आणि तोडलेल्या बुडख्यांतून खोडवा फुटला, तेव्हा अण्णांनी रस्त्याकडच्या सऱ्यांना जादा युरिया टाकला नाही. मोजका, पिकापुरता, आतल्या सऱ्यांसारखाच टाकला. खोडवा चार नंबरवर उभा राहिला. वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. ज्यानं वळणावरचं रान कधी कसलं नाही त्याला ते सोपंच वाटायचं. एसटीचा कंडक्टर खिडकीतून विचारायचा, "अण्णा, तब्येत बरी न्हाय का?" व्याही नातीला बघायला आले ते रानाकडं बघत आले, आणि जेवताना हळूच म्हणाले, "कायबी नड आसंल तर सांगा बरं का, परकं समजू नका." बँकेतल्या साहेबानं कर्ज हवंय का म्हणून आपण होऊन फोन केला. अण्णा रात्री कूस बदलत, पण सकाळी उठून युरियाच्या पोत्याकडं जात नव्हते. माणसानं लढाई जिंकली म्हणून फेटे बांधतात. ही लढाई अण्णा रोज जिंकत होते आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. उलट जे बघत होते ते हळहळत होते.

पण चढावर गफार होता. अण्णांनी एकट्यानं बंद करून भागणार नव्हतं. एके दिवशी ते वर गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आत गफारच बोलला.

"अण्णा, म्हायताय मला. त्या लेकराला म्याच घेऊन पळालो व्हतो. आल्लाकसम, तवाधरनं पोतं उचलाया हात व्हत न्हाय." त्यानं पालकाकडं हात केला. "ह्यो बगा. पुन्यांदा साडेतीन."

पावसाळा सरला. वर्षाराणी मॅडम पुन्हा आल्या. बाटलीतलं पाणी गुलाबी झालं, पण जांभळट नाही झालं. पट्टीवर दोन चौकोन खाली आलं होतं. "अजून पिऊ नका," त्या म्हणाल्या, "पण असंच आणखी एक-दोन पावसाळे राहिलं, तर सुधारेल." अण्णा विहिरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. लाल अक्षरांवरून त्यांनी हात फिरवला. नात तोवर पळायला लागली असेल, तिला आपल्या हातानं इथलं पाणी पाजायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या रविवारी गफार पालक घेऊन धाराशिवच्या बाजाराला निघाला, तेव्हा अण्णा हौसेनं टेंपोत बसले. बाजारात गफारनं पोतं अंथरलं, जुड्या मांडल्या. शेजारी दुसऱ्या कुणाचा पालक होता, पानं रुंद, काळीभोर. पट्टी लावायची गरज नव्हती. अण्णांच्या नजरेनं तो सहा भरला.

एक सुशिक्षित गिऱ्हाईक आलं. हातात कापडी पिशवी, पिशवीवर झाडाचं चित्र.

"रासायनिक खतं मारलेली नाहीत ना?"

"लई कमी, साहेब," गफार म्हणाला. "मोजकंच."

अण्णांना राहवलं नाही. त्यांनी विहीर सांगितली, नात सांगितली, निळे ओठ सांगितले. या पालकामुळं आमचं पाणी सुधारायला लागलंय, म्हणाले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, अण्णांनी बघितलं. "तुमच्यासारख्या शेतकऱ्यांची देशाला गरज आहे," असं म्हणून त्यांनी दोघांच्या मधे उभं राहून फोटो काढून घेतला. मग त्यांनी गफारची एक जुडी उचलली, उलटीपालटी केली, आणि नाक जरासं मुरडलं.

"पिवळसर वाटतोय हो. शिळा आहे का?"

"न्हाय साहेब, सकाळी काडलाय. ह्येचा रंगच आसा आसतुया."

"असेल असेल," ते समजुतीनं म्हणाले. जुडी हलकेच जागेवर ठेवली, आणि शेजारच्या पोत्यावरच्या दोन काळ्याभोर जुड्या पिशवीत टाकून गेले.

त्यांच्यामागून दुसरे आले, तिसरे आले, बाया आल्या. सगळ्यांनी जुडी उचलली, ठेवली आणि शेजारी गेले. दुपारपर्यंत शेजाऱ्याचं पोतं मोकळं झालं. गफारच्या जुड्या उन्हानं मान टाकून बसल्या.

परतताना गफारनं खताच्या दुकानापुढं टेंपो थांबवला. इंजिन बंद केलं, पण खाली उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला.

"अण्णा, तुमीच सांगा, म्या काय करू?"

अण्णांच्या डोळ्यांपुढं विहीर आली, लाल अक्षरं आली, नात आली. गफारच्या घरातली खाणारी तोंडंही आली. ते टेंपोतून उतरले आणि निंबाळवाडीच्या रस्त्यानं चालू लागले. मागं दुकानात पोतं उचलल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी वळून बघितलं नाही.

आता तुम्हाला गौरीशंकर साहेबांचा राग आला असेल, ॲपचा आला असेल, हैदराबादच्या कंपनीचाही आला असेल. तो येऊ द्या. त्या रविवारी बाजारात कापडी पिशवी घेऊन तुम्ही नव्हता, हेही मान्य. फक्त वाचून झाल्यावर उठा, फ्रिज उघडा, आणि तुम्ही निवडून आणलेली पालकाची जुडी उजेडात धरा.

कितवा नंबर आहे?